हळदीच्या ड्रायरसाठी प्लेट हीट एक्स्चेंजर: पत्र्यांमधली फट किती ठेवायची?

फेब्रुवारीत वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या गावात पहाटे हळदीचा ड्रायर चालू असेल, तर त्याच्या मागच्या बाजूला जाऊन उभं राहा. बाहेर थंडी मरणाची, अंगावर शाल, आणि एक्झॉस्टच्या पाइपातून ४५ अंशांची ऊबदार हवा खुशाल आभाळात चाललेली असते. त्याच वेळी पुढचा पंखा बाहेरची थंडगार हवा ओढतो आणि ९ किलोवॉटचे हीटर तिला ६० अंशांवर नेण्यासाठी धापा टाकतात. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली वायगावची हळद इथलीच. ती शिजवून, काप करून यंत्रात वाळवणारे आता बरेच झालेत, कारण ऐन उन्हात पसरलेल्या मालावर अवकाळी कधी येऊन पडेल याचा नेम नाही. ही वाया जाणारी ऊब पकडायला लागतो तो प्लेट हीट एक्स्चेंजर. पातळ पत्रे एकावर एक, मध्ये फटी. एका फटीतून बाहेर जाणारी गरम हवा, शेजारच्या फटीतून आत येणारी थंड हवा. दोन्ही एकमेकींत मिसळत नाहीत, फक्त पत्र्यातून उष्णता देतात-घेतात.

करायला सोपा वाटतो, आणि तिथेच मी फसलो. पत्र्यांचा पहिला ठोकळा ३ मिलिमीटर फटीचा केला. फट जितकी बारीक तितकी उष्णता जास्त, हे पुस्तकात वाचलेलं. चालू केल्यावर मीटरवर काही फरकच पडेना. शेवटी सायकलच्या स्पोकला डिजिटल थर्मामीटरचा प्रोब बांधला आणि ताजी हवा बाहेर पडते त्या तोंडावर फटीफटीतून फिरवला. एका कोपऱ्यात ३९ अंश, दुसऱ्या कोपऱ्यात २०. एकाच ठोकळ्यातून! पत्रे कुठे फुगले होते, कुठे चिकटले होते. जिथे फट रुंद तिथून हवा न तापता धावत सुटली होती आणि जिथे अरुंद तिथे जवळपास नव्हतीच. तेव्हापासून मी फटीचा आकडा नंतर विचारतो, आधी विचारतो की ती सगळीकडे सारखी राहील का.

आधी आपला ड्रायर कागदावर मांडा

तीन आकडे लागतात: हवा किती, बाहेरची थंड किती, एक्झॉस्टची गरम किती. माझ्या उदाहरणात हवा तासाला ६०० घनमीटर. म्हणजे सेकंदाला ०.१६७ घनमीटर, वजनात साधारण ०.१८ किलो. हवेची विशिष्ट उष्णता किलोला, दर अंशाला सुमारे १००६ ज्यूल, म्हणून ही हवा एक अंशाने तापवायला १८५ वॅट लागतात. हा १८५ पाठ करून ठेवा, पुढे सगळीकडे तोच येतो.

बाहेर १५ अंश असताना ६० वर न्यायचं तर ४५ अंशांची चढण, म्हणजे ८.३ किलोवॉट. एक्झॉस्ट ४५ आणि बाहेर १५, यांतला फरक ३०. त्यातला ६० टक्के जरी पकडला तरी ३.३ किलोवॉट परत मिळतात. ३-३ किलोवॉटचे तीन हीटर असतील तर त्यातला एक बंद. दुपारी बाहेर ३२ अंश झाले की फरक १३ वर येतो आणि बचत दीड किलोवॉटच्या आत. म्हणून दिवसाच चालणाऱ्या ड्रायरला हा खटाटोप फारसा परवडत नाही. रात्रपाळी करणाऱ्याने जरूर करावा.

आता किती टक्के पकडायचं ते ठरवा. इथे लोभ आवरा. दोन्ही बाजूंची हवा सारखी असेल आणि प्रवाह एकमेकांच्या अगदी उलटे असतील, तर हिशोब सोपा आहे: पत्र्याची एकूण उष्णता नेण्याची ताकद हवेच्या १८५ च्या जितकी पट, तो आकडा भागिले तोच आकडा अधिक एक. एक पट असेल तर ५० टक्के, दोन पट ६७, तीन पट ७५, चार पट ८०. पहिल्यांदा पत्रा दुप्पट केल्यावर १७ टक्के वाढले, पुढे तेवढाच पत्रा आणखी घातला तर ८, मग ५. मी दोनवर थांबतो. म्हणजे आपल्याला हवी ताकद १८५ × २ = ३७० वॅट प्रति अंश.

फटीचं खरं गणित

एक शेतकरी भाऊ शेडवर येऊन म्हणाले, "पंखा मोठा लावून देना भाऊ, हवा जोरात गेली का गर्मी जास्त पकडन." असं सगळ्यांनाच वाटतं. पण एवढ्या अरुंद फटीत हवा शांत, थराथराने वाहते. रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शांत की खळबळीचा हे सांगणारा आकडा) आपल्याकडे सहाशे-सातशेच्या घरात येतो. खळबळ सुरू व्हायला तो दोन हजारांच्या वर जावा लागतो. थराथराच्या प्रवाहात उष्णता जाण्याचा दर वेगावर जवळजवळ अवलंबून नसतो, तो फटीवर असतो. पंखा मोठा केला की तेवढ्याच पत्र्यावर जास्त हवा येते आणि टक्केवारी उलट घसरते.

दर काढायचा असा: ८.२४ (सपाट पत्र्यांमधल्या थराथराच्या प्रवाहाचा ठरलेला आकडा) गुणिले हवेची उष्णतावाहकता ०.०२७, भागिले फटीची दुप्पट (मीटरमध्ये). फट ५ मिमी असेल तर ८.२४ × ०.०२७ ÷ ०.०१ = २२ वॅट, दर चौरस मीटरला, दर अंशाला. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना असाच अडथळा, म्हणून एकूण दर निम्मा: ११. आपल्याला हवेत ३७०, तर पत्रा लागेल ३३ चौरस मीटर. ६० सेंमीचा चौकोन घेतला तर सुमारे ९३ पत्रे.

हवेला फटीतून ढकलायला लागणारा दाब: १२ × हवेची चिकटाई (०.००००१९) × लांबी × वेग, भागिले फटीचा वर्ग. सगळं मीटरमध्ये घ्या, उत्तर पास्कलमध्ये येतं. ५ मिमीला वेग सेकंदाला सुमारे १.२ मीटर येतो आणि दाब सुमारे साडेसहा पास्कल. आता पत्र्याचा आकार तोच ठेवून फक्त फट बदलून पाहू:

६ मिमी फट: १११ पत्रे, ३ पास्कल
५ मिमी फट: ९३ पत्रे, ६.५ पास्कल
४ मिमी फट: ७४ पत्रे, १६ पास्कल
३ मिमी फट: ५६ पत्रे, ५० पास्कल

फट निम्मी केली की पत्रे निम्मे लागतात, पण दाब सोळापट होतो. फटीच्या चौथ्या घाताने वाढणारी ही गोष्ट आहे, तिच्याशी खेळ नको. वीजबिलाच्या हिशोबाने ५० पास्कल म्हणजे फार नाही, पंख्याला २५-३० वॅट जास्त पडतील. अडचण पंख्याच्या जातीची आहे. ड्रायरला बहुतेक जण पात्यांचा साधा एक्झॉस्ट फॅन लावतात, आणि त्याला जरा विरोध झाला की हवा ढासळते. ट्रे, जाळ्या, पाइप यांचा विरोध आधीच असतो. ३ मिमीवर जायचंच असेल तर ब्लोअर (विरोध असला तरी हवा ढकलणारा पंखा) लावा.

एक पळवाट मात्र आहे, आणि कारखान्यातले काँपॅक्ट एक्स्चेंजर तीच वापरतात: फट अरुंद केली की वाट आखूड करायची आणि तोंड मोठं करायचं. ३ मिमीच्या फटीत पत्रा ६० सेंमी लांबऐवजी ४० सेंमी लांब आणि ५० रुंद घ्या, असे १०० लावा. पत्रा एकूण २० चौरस मीटरच, पण दाब उतरून २२-२३ पास्कलवर येतो. कागदावर हे उत्तर सगळ्यात सुंदर दिसतं. माझ्या शेडमध्ये ते जमत नाही.

कारण असं. एकाच ठोकळ्यातल्या सगळ्या फटींवर दाब सारखाच असतो, आणि सारख्या दाबाखाली फटीतून जाणारी हवा फटीच्या घनाप्रमाणे बदलते. ५ मिमीच्या ठोकळ्यात पत्रा एक मिलिमीटर सरकला, तर एका बाजूला ६ आणि दुसऱ्या बाजूला ४ मिमीची फट झाली. ६ वाल्यातून ७३ टक्के जास्त हवा, ४ वाल्यातून निम्मी. म्हणजे साडेतीनपटीच्या जवळपास तफावत. ३ मिमीच्या ठोकळ्यात तोच एक मिलिमीटर ४ आणि २ मिमी करतो: तफावत आठपट. माझा ३९ आणि २० अंशांचा कोपरा इथून आला होता. हाताने पत्रा वाकवणाऱ्याकडून अर्ध्या मिलिमीटरची चूक होणारच, हे धरूनच फट निवडावी. चांगलं बेंडिंग मशीन हाताशी असेल तर ४ घ्या. नाहीतर ५. हळदीची भुकटी, मिरचीची साल-बी आणि आपल्या भागात हवेत तरंगणारी कपाशीची रुई धरली तर ५ च बरी.

पत्रा कोणता

"तांब्याचाच पाहिजे" हा हट्ट सोडा. अर्धा मिलिमीटर ॲल्युमिनियमचा अडथळा हवेच्या थराच्या अडथळ्यापेक्षा हजारो पटीने कमी असतो. लोखंडाचा घेतला तरी उष्णतेच्या हिशोबात फरक दिसणार नाही. फरक वजनात आणि गंजण्यात आहे. ८ बाय ४ फुटांच्या एका पत्र्यातून ६१ सेंमीचे आठ चौकोन तंतोतंत निघतात, कतरन शून्य. १२ पत्र्यांत ९६ तुकडे. काठाच्या पट्ट्यांखाली थोडं क्षेत्रफळ झाकलं जातं, म्हणून ९३ ऐवजी ९६ च घ्या. अर्धा मिमी ॲल्युमिनियममध्ये हे सगळं ४८ किलो होतं. तेवढ्याच जाडीच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्यात १४०. आत पाणी सुटणार आहे, म्हणून मी ॲल्युमिनियमच घेतो.

उलटा प्रवाह की आडवा

पूर्ण उलट्या प्रवाहाला ६७ टक्के मिळतात. दोन्ही हवा एकमेकींना काटकोनात आडव्या नेल्या, तर तेवढ्याच पत्र्यात ६१ टक्के. हे सहा टक्के सोडून द्या. उलट्या प्रवाहात एकाच तोंडावर एक फट उघडी, एक बंद असं करावं लागतं, आणि तिथल्या पेट्या जोडताना गळती हमखास राहते. आडव्यात चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन बाजू ताज्या हवेच्या, उरलेल्या दोन एक्झॉस्टच्या. चार बाजूंना चार पेट्या, विषय संपला. पुढे हौस असेल तर असे दोन ठोकळे मागेपुढे जोडता येतात.

बांधणी

आधी सगळे चौकोन कापून त्यांच्या कडांचे बर (कापताना राहिलेले धारदार कंगोरे) काढा. एक बारीक बर राहिला तर तो पट्टीखाली येऊन पत्रा उचलतो आणि पुढचे सगळे थर तिरपे होतात. मग सपाट टेबलावर, शक्यतो जाड काचेवर किंवा मशीनच्या बेडवर, थर लावायला घ्या. पहिल्या पत्र्याच्या डाव्या-उजव्या कडेला ५ मिमी जाडीची, १५ मिमी रुंदीची ॲल्युमिनियमची पट्टी सिलिकॉन लावून बसवा. मधल्या मोकळ्या जागेत हवेच्या दिशेनेच तीन बारीक पट्ट्या, साधारण १५ सेंमीच्या अंतराने. त्यावर दुसरा पत्रा. आता पट्ट्या वरच्या-खालच्या कडेला, म्हणजे काटकोनात. असं आलटून पालटून.

मधल्या त्या तीन पट्ट्या गाळायचा मोह होतो, कारण त्यांना उष्णतेत काही काम नाही. पण दोन बाजूंच्या पंख्यांच्या दाबात ५० पास्कलचा फरक पडला, तर ६० सेंमीच्या पत्र्यावर जवळजवळ दोन किलो वजन ठेवल्यासारखं होतं. अर्ध्या मिमीचा पत्रा तेवढ्याने पोट काढतो. आलटून पालटून आडव्या-उभ्या पट्ट्या एकमेकींवर जिथे येतात, ते बिंदू वरपासून खालपर्यंत खांबासारखे उभे राहतात आणि पत्र्याला हलू देत नाहीत.

पट्ट्यांसाठी फ्लेक्सवाल्याकडचा ५ मिमी सनबोर्ड (हलका प्लास्टिकचा बोर्ड) स्वस्त पडतो, कापायला सोपा, जाडी सगळीकडे सारखी. मीही वापरला. पण वाळवणीच्या शेवटी मालात पाणी उरत नाही, तेव्हा एक्झॉस्ट ४५ वर थांबत नाही, ५५ च्या पुढे जातो. तेव्हा कसलेल्या नटांखाली सनबोर्ड मऊ होऊन दबायला लागतो. ॲल्युमिनियमच बरं.

दर दहा थरांनी थांबून ५ मिमीच्या ड्रिल बिटचा दांडा प्रत्येक फटीत तीन ठिकाणी घालून पाहा. हलका घासत गेला पाहिजे. साडेपाचचा दांडा गेला तर तो थर उचला आणि परत बसवा, सिलिकॉन ओलं आहे तोवरच हे होतं. पूर्ण झाल्यावर चारही कोपऱ्यांची उंची टेपने मोजा: ९६ पत्रे आणि ९५ फटी मिळून ५२.३ सेंमी यायला हवी. एखादा कोपरा सेंटिमीटरभर उंच दिसला, तर तिथल्या फटी सरासरी एक दशांश मिलिमीटरने मोठ्या आहेत, तेवढं चालतं. पण चूक सगळ्या फटींत वाटलेली आहे की दोनच फटींत साठलेली, ते दांडाच सांगेल. चार कोपऱ्यांना अँगल आणि थ्रेडेड रॉड लावून नट हाताने कसा, वर पान्याचा पाव फेर. जास्त कसलं की पट्ट्यांमधला पत्रा वाकतो.

तोंडाच्या पेट्या

सगळी मेहनत इथे पाण्यात जाऊ शकते. समजा १५ सेंमी व्यासाच्या पाइपातून हवा पेटीत सोडली. पाइपात तिचा वेग सेकंदाला नऊ मीटरच्या वर, म्हणजे तिच्या धक्क्याचा दाब सुमारे ४९ पास्कल. ठोकळ्याचा विरोध ६. हा झोत पेटीत पसरणारच नाही, सरळ समोरच्या पंधरा-वीस फटींत घुसेल आणि बाकीच्या उपाशी राहतील. पाइप ३० सेंमीचा केला की धक्का ३ पास्कलवर येतो. तरीही पाइपाचं तोंड आणि ठोकळा यांच्यात किमान हातभर अंतर ठेवा आणि मध्ये भोकांचा पत्रा लावा. त्या जाळीने थोडा विरोध वाढेल, आणि तो हवाच आहे: थोडं अडल्याशिवाय हवा वाटली जात नाही.

ताज्या हवेचा पंखा ठोकळ्याआधी ढकलणारा आणि एक्झॉस्टचा पंखा ठोकळ्यानंतर ओढणारा ठेवा. मग कुठे गळती असलीच तर स्वच्छ हवा घाणीकडे जाईल, ओली हवा मालाकडे येणार नाही.

पाणी सुटेल, त्याची सोय

एक्झॉस्टमधली ओल आपल्या ड्रायरमध्ये साधारण १८-२० अंशांच्या पत्र्यावर पाणी धरायला लागते. दुपारी काही होत नाही. पहाटे बाहेर १२ अंश असताना मात्र थंड हवा आत येते आणि एक्झॉस्ट बाहेर पडतो त्या एका कोपऱ्यातला पत्रा त्याखाली जातो, आणि तिथे थेंब जमतात. ५ मिमीच्या फटीत थेंब अडकला तर भुकटी धरतो, पिवळा चिखल होतो. म्हणून पत्रे उभे राहतील असा ठोकळा ठेवा, एक्झॉस्ट वरून खाली न्या, आणि खालच्या पेटीच्या तळाला एका बाजूला उतार देऊन नळी काढा. नळीला यू आकाराचा वळसा देऊन त्यात पाणी भरून ठेवा, नाहीतर ओढणारा पंखा तिथूनच बाहेरची हवा खेचेल.

तपासणी

ड्रायर तासभर चालू द्या, मग तीन तापमानं एकाच वेळी घ्या. ताजी हवा आत १८, ताजी हवा बाहेर ३४, एक्झॉस्ट आत ४५ अशी आली, तर ३४ वजा १८ म्हणजे १६, भागिले ४५ वजा १८ म्हणजे २७: ५९ टक्के. ६१ चं गणित होतं, हाताने केलेल्या कामाला हे उत्तम. ५० च्या खाली आलं तर गणित तपासत बसू नका, स्पोकवाला प्रोब काढा आणि बाहेर पडणाऱ्या तोंडावर नऊ ठिकाणी मोजा. एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत तापमान हळूहळू बदलत गेलेलं दिसेल, ते आडव्या प्रवाहात असतंच. पण शेजारशेजारच्या फटींत सात-आठ अंशांची उडी दिसली तर तिथे फट बिघडली आहे. मधल्या फटी थंड आणि टोकाच्या गरम असं असेल तर दोष पेटीचा, झोत मध्येच मारतोय. एक्झॉस्टची ओली हवा ताज्या हवेत येते का ते पाहायला एक्झॉस्टच्या बाजूला उदबत्तीचा धूर धरा आणि ताज्या हवेच्या तोंडाशी नाक.

दाबासाठी मोठं यंत्र नको. पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत रंगीत पाणी भरा, एक टोक ठोकळ्याच्या आधीच्या पेटीत आणि दुसरं नंतरच्या पेटीत. उभ्या नळीत एक मिलिमीटर पाणी म्हणजे जवळपास १० पास्कल, ते डोळ्याला दिसत नाही. नळी दहास एक उताराने आडवी टाका, तोच एक मिलिमीटर नळीवर सेंटिमीटरभर सरकतो. नव्या ठोकळ्यावर पाणी जिथे थांबलं तिथे मार्करने खूण करा. पत्र्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिमी भुकटी बसली, की ५ ची फट ४ होते आणि त्याच हवेला दाब जवळजवळ दुप्पट लागतो. खूण दुप्पट सरकली की ठोकळा धुवायला काढा.

धुताना एक्झॉस्ट ज्या बाजूने बाहेर पडतो तिकडून पाणी मारा, म्हणजे मळ आल्या वाटेने निघतो. आधी साधं पाणी, मग भांड्यांच्या लिक्विडचं, मग परत साधं; सोडा नको, ॲल्युमिनियम खातो. बॅटरीचा फवारणी पंप यासाठी फार सोयीचा आहे, फक्त कपाशीवर औषध मारलेला घेऊ नका. कितीही खंगाळला तरी नको. या ठोकळ्यातून निघालेली हवा थेट खाण्याच्या हळदीवर जाते. माझ्याकडे त्यासाठी वेगळा पंप आहे, त्याच्या टाकीवर लाल रंगाने "फक्त पाणी" लिहिलंय आणि तो शेतावर कुणाला उसना देत नाही.